मुलीला मानवी हक्कांची वकिली करायचीय. नागपुरात पोट भरेल का?

निवृत्त_रोखपाल · रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त झालोय, राहायला मानेवाड्याला. धाकटी मुलगी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याच्या एका कंपनीत तिचं जवळपास पक्कं झालं होतं. परवा जेवताना शांतपणे म्हणाली, "बाबा, मी नाही जात. इथेच राहून लीगल एडचं काम करणार. जेलमधल्या लोकांच्या केसेस, मानवी हक्क." हिची आई तव्यावर पोळी टाकून विसरली.

मी तिच्या विरोधात आहे असं नाही. आणीबाणीत मी शाळेत होतो, मामांना मिसाखाली उचललं होतं. तेव्हा एक वकील रात्री घरी येऊन कागद करून द्यायचे, आजीने पैसे पुढे केले की चहाच घ्यायचे. मला ते देवासारखे वाटायचे. पण ते दुसऱ्याच्या घरचे होते, ही माझी आहे.

विचारायचं एवढंच: यात पैसे कुठून येतात? धोका किती? आणि फुकटात केस लढणाऱ्याला कोर्टात कुणी विचारतं का?

तर्री_जास्त · रविवार, रात्री ९:३२

काका, पयले तं पोट्टीले पेढा द्या जी. पुण्याले जाऊन काय करन ते? एसीत बसून अ‍ॅग्रीमेंटातले कॉमे मोजन.

मले कायद्यातलं काही समजत नाही. पण आमच्या गल्लीतल्या एका पोराले चेन स्नॅचिंगमधे उचललं होतं, तं त्याची माय दोन दिवस ठाण्याबाहेर बसून होती. वकील कसा करतेत हेच तिले माहीत नोतं. कोणी विचारलं तं म्हणे, "आपल्याजवळ पैसे कुठं हायेत?" फुकट भेटते हे मलेही तेव्हा माहीत नोतं.

इथं 'जामीनदार' नावानं एक वकील ताई लिहितेत. त्याईले येऊ द्या.

जामीनदार · रविवार, रात्री ११:४८

बोलावलंत म्हणून आले. सनद मिळून तेवीस वर्षं झाली. सकाळी जिल्हा न्यायालय, केस बोर्डावर असेल तेव्हा हायकोर्ट. हे टोपणनाव का घेतलं त्याची गोष्ट आधी सांगते, काकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

पहिल्याच वर्षी सीनिअरनी लीगल एडची एक फाइल माझ्याकडे सरकवली. "बघ, शिकशील." आरोपी बालाघाटकडचा गवंडी, साइटवरून लोखंडी सळया चोरल्याचा आरोप. मी रात्रभर जामिनावरचे निवाडे वाचले. सकाळी फाइल नीट उघडली तर जामीन आधीच मंजूर! आधीच्या वकिलांनी करून ठेवलेला, पंधरा हजारांचा, एक सक्षम जामीनदार. ऑर्डर पाच महिन्यांपूर्वीची आणि माणूस अजून वर्धा रोडच्या जेलमध्ये. नागपुरात त्याला ओळखणारा एक ठेकेदार, ज्याने फिर्याद दिली तोच. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची शेती मध्य प्रदेशात. ती चालणार नाही म्हणून कागद परत आलेले. त्यानंतर त्या फाइलीला कुणी हातच लावला नव्हता.

गंमत म्हणजे हे सगळं १९७८ मध्येच सुप्रीम कोर्टापुढे येऊन गेलं होतं. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश. तोही गवंडीच. दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून मॅजिस्ट्रेटने नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायला सांगितलं. मी तो निवाडा जोडून दोन पानी अर्ज दिला. युक्तिवाद सात-आठ मिनिटांचा. साहेबांनी अट शिथिल केली.

जेलच्या फाटकाबाहेर त्याने आधी चप्पल मागितली. आत जाताना जमा केलेली सापडली नव्हती, आणि मे महिना होता. सीताबर्डीवर रबरी चप्पल घेऊन दिली, बसचे पैसे दिले. त्या केसची फी पुढच्या वर्षी मिळाली, ती बघता मी तोट्यातच होते.

काका, तुमची मुलगी जे काम करायचं म्हणते त्यातलं पुष्कळसं असं असतं. वाचायचं, विचारायचं, तारखा मोजायच्या. आता तारखांचंच बघा. अटकेनंतर ठरलेल्या मुदतीत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवस, बाकीच्यांत साठ. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १६७(२) म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १८७ मध्ये गेलं. पण हा हक्क मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज नाही दिला आणि दुपारी दोषारोपपत्र आलं, तर संपलं. मोठा वकील असेल तर त्याचा कारकून डायरीत लाल पेनाने दिवस लिहून ठेवतो. गरिबाचे दिवस कोण मोजणार? मी आजही मोजते, किराणा दुकानातल्या कॅलेंडरवर. पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा की नाही यावर कितीतरी वर्षं वाद होता. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने धरायचा असं ठरवलं, तेव्हा मी त्या कॅलेंडरवरच्या सगळ्या खुणा एक घर मागे सरकवल्या.

उरलेलं उद्या. सकाळी पेशी आहे.

स्पष्ट_बोलतो · सोमवार, सकाळी ८:०५

भावना छान आहेत. आता आमचा अनुभव ऐका. माझ्या मावसभावाला फुकटचा वकील मिळाला. तीन तारखांना आला, चौथ्या तारखेला ज्युनिअर पाठवला, त्याला आरोपीचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. साक्षीदाराची उलटतपासणी "नो क्रॉस". शेवटी मावशीने दोन एकर विकून खासगी वकील केला. फुकट ते फुकटच. मुलीला सांगा, फी घेऊनच काम कर, म्हणजे पक्षकारही जाब विचारू शकतो.

इतवारीकर · सोमवार, सकाळी ९:२०

आणि मानवी हक्क नेहमी आरोपीचेच का? ज्याची चेन गेली त्या बाईचे नाहीत का? कस्तुरबानगरच्या बायकांना विचारा. वर्षानुवर्षं अक्कू यादव या गुंडाने छळलं, आणि दर वेळी तो जामिनावर बाहेर. तेव्हा कुठे होते हे हक्कवाले?

जामीनदार · सोमवार, रात्री १०:१५

स्पष्ट_बोलतो, तुम्ही लिहिलं ते खोटं नाही. असे वकील मी रोज बघते. एक-दोनदा, खूप फाइली घेतल्या तेव्हा, मीही तशी वागले आहे. लीगल एडच्या पॅनेलवरचा वकील स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून ही केस करतो, फी थोडी आणि उशिरा. मग ज्या दिवशी दोन कोर्टांत पुकारा होतो त्या दिवशी तो कुठे जाणार ते उघड आहे. म्हणूनच नालसाने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, २०२२ मध्ये लीगल एड डिफेन्स काउन्सेलची पद्धत आणली. हे वकील पूर्णवेळ पगारी असतात, खासगी केस घेता येत नाही. त्यांच्यावरही फाइलींचा डोंगर आहे, पण निदान दुसऱ्या कोर्टात पळत नाहीत.

आणि जाब फुकटातही विचारता येतो. वकील येत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे साध्या कागदावर अर्ज द्यायचा, वकील बदलून मिळतो. सचिव स्वतः न्यायाधीश असतात. फोनवर विचारायचं तर १५१०० हेल्पलाइन. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न विचारत नाहीत. बाईला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचा, मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक ठाण्यात लावायला हवं. मावशींची दोन एकर वाचली असती की नाही हे मी सांगू शकत नाही. पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही, ही आमची चूक.

इतवारीकर, तुम्ही ज्या बायकांचं नाव घेतलं त्याच पुढे आरोपी झाल्या. १३ ऑगस्ट २००४ ला जिल्हा न्यायालयाच्या आत, दिवसाढवळ्या, जमावाने अक्कूला ठार मारलं. अटक झाली तेव्हा या शहरातले कितीतरी वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला दहा वर्षं चालला, २०१४ मध्ये उरलेले सगळे पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या दहा वर्षांत त्यांना जे लागलं ते आरोपीचेच हक्क होते. मी तेव्हा नवखी होते. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस त्या खोलीसमोरून जाताना पाय जड व्हायचे. त्या बायकांना पोलिसांनी आधी ऐकलं असतं, तर तो दिवस आलाच नसता असं मला वाटतं. पीडितेची तक्रार नोंदवून घ्यायला लावणं हेही याच वकिलीत येतं, आणि माझ्या निम्म्या फाइली त्याच आहेत: नवऱ्याने हाकललेल्या, ठाण्यातून परत पाठवलेल्या.

वडसाची · सोमवार, रात्री ११:०२

मी शिक्षिका होते, आता नागपुरात मुलाकडे. माहेर वडसा, कागदावर देसाईगंज. पीडितेचा विषय निघाला म्हणून लिहिते.

२६ मार्च १९७२ ला आमच्या वडशाच्या ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तेव्हा तो चंद्रपूर जिल्हा, गडचिरोली १९८२ ला वेगळा झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. इथल्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला, भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे असं म्हणून शिक्षा दिली. मग १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. का, तर अंगावर जखमा नव्हत्या. आमच्या गावात तेव्हा बायका या विषयावर बोलत नसत, आजी तर मला त्या रस्त्यानेच जाऊ देत नसे.

पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात संबंध सिद्ध झाला आणि बाई कोर्टात म्हणाली की संमती नव्हती, तर कोर्ट तसंच धरून चालतं. पीडितेचं नाव छापायला बंदीही त्याच दुरुस्तीने आली. म्हणजे तीच घटना नंतर घडली असती तर मथुरा हे नाव आपल्याला कळलंही नसतं.

रोखपाल भाऊ, तिला स्वतःला काय मिळालं? काही नाही. मुलीला हेही सांगा. केस हरते आणि कायदा बदलतो, पण जिची केस असते ती घरी रिकाम्या हाताने जाते.

वारंगा_हॉस्टेल · मंगळवार, दुपारी १:३०

मी इथल्या विधी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. काकांच्या मुलीला एक केस वाचायला सांगा, आपल्याच जेलमधली.

निरानाराम चौधरी. मूळचा राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातला. १९९४ च्या पुण्यातल्या एका हत्याकांडात फाशी झाली. कागदोपत्री त्याचं नाव नारायण, वयही चुकीचं. अपील, फेरविचार सगळं झालं. नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट ३९ए ने त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर शोधून काढलं. गुन्ह्याच्या वेळी वय १२ वर्षं ६ महिने! २७ मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टाने त्याला सोडायला सांगितलं. नागपूर सेंट्रल जेलमधून बाहेर आला तेव्हा २८ वर्षांहून जास्त काळ आत काढलेला.

सरांनी ही केस शिकवली तेव्हा आम्ही सगळे घटनापीठ, कलम २१ वगैरे बोलत होतो. सर म्हणाले, "शाळेत कोण गेलं होतं ते विचारा." कुणीतरी त्या गावात जाऊन हेडमास्तरांकडे जुनं रजिस्टर मागितलं असणार. तेवढ्यावर एक माणूस फाशीपासून वाचला.

स्पष्ट_बोलतो · मंगळवार, दुपारी २:१०

हे मात्र माहीत नव्हतं.

निवृत्त_रोखपाल · मंगळवार, संध्याकाळी ६:४५

सगळ्यांचे आभार. मुलीला धागा दाखवला. ती म्हणाली, यातलं बरंचसं मला माहीत होतं, तुम्हाला सांगायचा प्रयत्न करत होते. असो.

ताई, पैशांचं आणि धोक्याचं राहिलं. आडवळणाने नको, सरळ सांगा.

जामीनदार · मंगळवार, रात्री ११:३०

सरळच सांगते.

पहिली तीन वर्षं घरून डबा आणि पेट्रोल. सीनिअरनी महिन्याला दीड हजार दिले, तेही दिवाळीला आठवण करून दिल्यावर. ही पद्धत वाईट आहे आणि अजून पुरती गेलेली नाही. चौथ्या वर्षापासून मी स्वतःची वेगळी कामं घेऊ लागले: मोटार अपघात दावे, वारसा प्रमाणपत्र, भाडेकरूंचे वाद, एका लॉ कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं. त्यातून घर चालतं. मोफत केसेस मोजून घेते, एका वेळी दहाच्या वर नाही. हा आकडा मी ठेच लागून शिकले. एका वर्षी बावीस घेतल्या होत्या, आणि स्पष्ट_बोलतो यांच्या मावसभावाला भेटला तसला वकील मी त्या वर्षी होते. तुमच्या मुलीला एकच गोष्ट पाठ करायला सांगा: "ही केस मी घेऊ शकत नाही, पण ज्या घेतील त्यांच्याकडे मी तुम्हाला नेते."

नवऱ्याची नोकरी होती म्हणून मला जमलं, हे लपवत नाही. ज्यांच्या घरी असा आधार नाही अशी हुशार मुलं दोन वर्षांत हे काम सोडून जातात. त्यांच्या तळमळीत काही कमी नव्हतं. घराचा हप्ता होता.

धोका. मोठा आणि छोटा असे दोन. मोठा तुम्ही पेपरात वाचता. जून २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात आमच्याच बारमधल्या, म्हणजे वकील संघातल्या, सुरेंद्र गडलिंग यांना अटक झाली. त्यांच्या मतांशी कुणी सहमत असो नसो, पण खटला सुरू होण्याआधीच वर्षांमागून वर्षं जातात हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. दुसरं उदाहरण प्राध्यापक साईबाबांच्या, माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरच्या खटल्याचं. ५ मार्च २०२४ ला नागपूर खंडपीठाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. त्यातला पांडू नरोटे, गडचिरोलीचा आदिवासी, ऑगस्ट २०२२ मध्येच कैदेत असताना वारला होता. निकालात त्याचंही नाव निर्दोषांत आहे. त्या संध्याकाळी बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "याची सर्टिफाइड कॉपी कुणाला द्यायची?" कुणी उत्तर दिलं नाही.

छोटा धोका रोजचा. बायको माहेरी गेली म्हणून चिडलेला नवरा स्कूटरजवळ येऊन उभा राहतो. रात्री दोनला फोन येतो, "मॅडम, पोराला उचललं." तेव्हा ठाण्यात जायचं का, एकटीने जायचं का, हे आधीच ठरवून ठेवावं. मी एकटी जात नाही. ठाणे अंमलदाराला नाव सांगून अटकेची वेळ, अटकेचा पंचनामा आणि नातेवाइकाला कळवलं का, हे विचारते. अटकेचे हे नियम घालून देणारा डी. के. बसू निवाडा १९९६ चा. पण वकिलाने तोंडाने विचारेपर्यंत तो भिंतीवरच्या पाटीवरच असतो.

किंमत मिळते का, हाही तुमचा प्रश्न होता. पक्षकाराकडून मिळते. गेल्या हिवाळ्यात उमरेडहून एक आजोबा अर्धं पोतं संत्री घेऊन आले, नातवाची केस सुटली म्हणून. बारमध्ये मात्र "लीगल एडवाली" हा शब्द अजून थोडा खालच्या आवाजातच म्हणतात.

तिला सोमवारी साडेदहाला पाठवा, जिल्हा न्यायालयाच्या गेटशी. एक महिना माझ्याबरोबर फिरू दे. मग पुण्याचं काय ते तिचं ती ठरवेल.

तर्री_जास्त · मंगळवार, रात्री ११:४१

ताई, ते अर्धं पोतं एकटीनंच संपवलं का जी?

निवृत्त_रोखपाल · बुधवार, सकाळी ७:१५

ती येतेय. आई म्हणते आधी काळा कोट शिवून घेऊ. धंतोलीतला आमचा नेहमीचा शिंपी चालेल का, की कोर्टाजवळ कुणी वेगळा असतो?

जामीनदार · बुधवार, सकाळी ७:५०

कोट नका शिवू, अजून सनद कुठे आहे तिची? पांढरा सलवार-कुर्ता पुरे. आणि सनद आल्यावरही जिल्हा न्यायालयात उन्हाळ्यात कोट सक्तीचा नसतो, नागपूरच्या मे महिन्यात हा नियम देवाने पाठवल्यासारखा आहे.

बूट मात्र चांगले घेऊन द्या. जिने खूप आहेत. आणि एक जाड वही, तारखांची.